ब्लाउजची शिलाई किती सांगायची? घरून शिवणाऱ्यांसाठी दर काढण्यापासून दर सांगण्यापर्यंतची पद्धत

घरून ब्लाउज शिवणाऱ्या बहुतेक जणी दर ठरवताना शेजारच्या गल्लीतली बाई किती घेते ते विचारतात आणि त्यातून पन्नास रुपये कमी करतात. मग कार्डं छापतात, सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकतात. ऑर्डरी येतात, रात्री बारा-एकपर्यंत मशीन चालतं, आणि महिनाअखेर हातात नेमकं काय उरलं ते सांगता येत नाही. कुणी "एवढे कशाला?" असं विचारलं की लगेच दर खाली येतो, कारण तो दर कुठून आला हे स्वतःलाच माहीत नसतं.

इथे चुकतो तो क्रम. आधी वेळ मोजायचा, मग तासाचा दर काढायचा, मग आपण काय देतो ते शब्दांत मांडायचं, मग दरपत्रक, आणि जाहिरात त्यानंतर. खालचे टप्पे याच क्रमाने करा. आकडे नमुन्याचे आहेत. पद्धत तीच ठेवा आणि तुमच्या गावचे, तुमच्या वहीतले आकडे घाला.

## टप्पा १ : दहा ब्लाउजची वही

लागते ती एक वही, पेन आणि मोबाइलमधलं घड्याळ. पुढचे दहा ब्लाउज शिवताना प्रत्येक कामाची मिनिटं लिहायची. अंदाजाने नाही, घड्याळ बघून. काम सुरू केल्याची वेळ आणि थांबवल्याची वेळ. मध्ये कुकर लावायला उठलात तर तेवढा वेळ वजा.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे फक्त मशीनवर बसल्याचा वेळ मोजणे. अस्तराच्या एका साध्या ब्लाउजचा पूर्ण हिशेब साधारण असा निघतो:

- माप घेणं, गळा-बाही ठरवणं, गिऱ्हाइकाशी बोलणं : २० मिनिटं
- अस्तर भिजवणं, वाळल्यावर इस्त्री : १० मिनिटं
- कटिंग : ३० मिनिटं
- मशीनवरची शिलाई आणि आतलं इंटरलॉक (कापडाच्या कडा उसवू नयेत म्हणून दोऱ्याने बांधणं) : ९५ मिनिटं
- हूक, काज, तुरपाई : ३० मिनिटं
- दोरे कापणं, इस्त्री, घडी : १० मिनिटं
- ट्रायल आणि त्यानंतरची दुरुस्ती : २० मिनिटं
- "झाला का?" असे फोन आणि मेसेज : १० मिनिटं

बेरीज २२५ मिनिटं, म्हणजे पावणेचार तास. "ब्लाउज काय, दीड तासात होतो" असं म्हणणाऱ्यांनी फक्त चौथी ओळ मोजलेली असते.

अस्तर भिजवण्याचा वेळ मुद्दाम वेगळा लिहा. सुती अस्तर न भिजवता लावलं तर पहिल्या धुण्यात ते आटतं, वरचं कापड आटत नाही, आणि ब्लाउज आतून ओढला जाऊन सुरकुतल्यासारखा दिसतो. हे काम गिऱ्हाइकाला दिसत नाही, म्हणून आपणही ते फुकट धरतो. पुढे तिसऱ्या टप्प्यात हीच दहा मिनिटं कामाला येणार आहेत.

तपासा : दहा ब्लाउजपैकी सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वेळ लागलेला एकेक बाजूला काढा. उरलेल्या आठांची सरासरी घ्या. दर या सरासरीवर काढायचा. ज्या दिवशी हात फार भराभर चालला, त्या दिवसावर काढलेला दर रोज परवडत नाही.

## टप्पा २ : तासाचा दर

इथे चार आकडे लागतात.

पहिला, महिन्याला घरात यायला हवी ती कमाई. "जे मिळेल ते" हा आकडा नाही. समजा १८,००० रुपये.

दुसरा, महिन्याचा स्थिर खर्च. वीज ५०० रुपये. मशीनचं ऑइलिंग आणि दुरुस्ती ३००. फोन-इंटरनेट ३००. सुया, खडू, कात्रीला धार २००. जागेचा वाटा १,२००. मशीनचा घसारा, म्हणजे झिजेपोटी महिन्याला बाजूला ठेवायची रक्कम, ५००. घसारा असा काढला : शिलाई मशीन आणि इंटरलॉकचं मशीन मिळून ३०,००० रुपये, पाच वर्षांचे ६० महिने, भागाकार ५००. एकूण ३,०००.

घसारा बहुतेक जणी धरत नाहीत. मशीन आईकडून आलं आहे, किंवा सरकारी मदतीतून. (पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे आणि त्यात अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते.) मशीन कसंही आलेलं असो, ते झिजतंच, आणि पुढचं विकत घ्यावं लागेल. घसारा धरला नाही तर पाच वर्षांनी त्यासाठी कर्ज काढावं लागतं.

तिसरा, खरे कामाचे तास. दिवसाला सहा तास, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १५० तास. त्यातून बाजारातून अस्तर-दोरा आणणं, हिशेब, वीज जाणं, घरातलं आजारपण यांचे ३० तास वजा करा. उरले १२०.

भागाकार : १८,००० अधिक ३,००० म्हणजे २१,०००, भागिले १२०. तासाला १७५ रुपये. मिनिटाला साधारण ३ रुपये. हा मिनिटाचा आकडा मशीनजवळ भिंतीवर लिहून ठेवा. पुढे सगळीकडे तोच लागतो.

चौथा, सामान. अस्तर एक मीटर ६० रुपये, दोरा-हूक-कॅनव्हास २५. एकूण ८५.

आता ब्लाउजचा हिशेब:

पावणेचार तास गुणिले १७५ = ६५६. अधिक सामान ८५ = ७४१. त्यावर पाच टक्के नासधुशीची तजवीज, ३७ रुपये = ७७८. पूर्णांक करताना वर जायचं : ८०० रुपये.

हे पाच टक्के सोडू नका. शंभरात एखादा ब्लाउज बिघडतोच. इस्त्रीचा डाग पडतो, रंग उतरतो, मुंढा (बाही जोडतो तो बगलेचा गोल) जास्त कापला जातो. भरपाईचे पैसे बाजूला ठेवलेले असतील तर चूक लपवावीशी वाटत नाही, आणि चूक कबूल करणाऱ्या शिवणकरणीकडे गिऱ्हाईक परत येतं.

> सावधान : ७७८ चे ७५० करू नका. त्या २८ रुपयांत ३७ पैकी बहुतेक तजवीज गेली.

### आकडा मोठा वाटला तर

आता बाजारात विचारा, आधी नाही. तुमच्यासारखंच काम करणाऱ्या तिघींचा दर घ्या : अस्तर त्यांचं, ट्रायल आहे, आतून इंटरलॉक आहे, अशा. बिनअस्तराचा ब्लाउज तीनशेत शिवणाऱ्या बाईशी तुमच्या अस्तराच्या ब्लाउजची तुलना करून उपयोग नाही.

तरीही तुमच्या भागात ६०० च्या वर कुणी देत नसेल, तर पहिली कात्री मिनिटांना लावा, कमाईला नाही. पाच अस्तरं एकदम भिजवा. एका रंगाच्या दोऱ्याचे ब्लाउज लागोपाठ शिवा. हूक-काजाची बैठक संध्याकाळी एकदाच. आणि सर्वांत मोठी बचत म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाचा कागदी साचा कापून, नाव-तारीख लिहून जपून ठेवा. दुसऱ्यांदा आलेल्या गिऱ्हाइकाचं माप-बोलणं २० वरून ५ मिनिटांवर येतं, कटिंग ३० वरून २० वर, ट्रायल-दुरुस्ती २० वरून ५ वर. चाळीस मिनिटं वाचली. त्याच ब्लाउजचा खर्च ७७८ वरून साडेसहाशेच्या आसपास येतो.

ही बचत झाली म्हणून जुन्या गिऱ्हाइकाला दर कमी करायचा नाही. साचा जपण्याचं शिस्तीचं काम तुम्ही केलंत, त्याची मिळकत तुमची. दर तोच, फक्त तिला ट्रायलसाठी दोनदा यावं लागत नाही. तिच्या दृष्टीने तोच मोठा फायदा आहे.

## टप्पा ३ : आपण काय देतो ते शब्दांत लिहिणं

"उत्तम फिटिंग, वाजवी दर, वेळेवर डिलिव्हरी" हे प्रत्येक पाटीवर असतं, म्हणून कुणी वाचत नाही. तुमच्या कामातल्या ज्या गोष्टी दिसत नाहीत त्या शोधून काढायच्या आहेत.

एक ब्लाउज उलटा करून टेबलावर ठेवा आणि आतून बघत यादी करा. माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड, किती सोडली आहे? कडा इंटरलॉक आहेत की कच्च्या? अस्तर भिजवलेलं होतं का? बाहीवरचा काठ दोन्हीकडे एकाच उंचीवर आला आहे का? हूक-पट्टी ताठ आहे की दोन हुकांमध्ये फट पडते? खांदा उतरू नये म्हणून गळ्याचं काय केलं आहे?

मग प्रत्येक गोष्टीपुढे लिहा की नेसणारीला त्याने काय होतं:

- बगलेच्या शिवणीत दीड इंच माया → अंगाने थोडी भरली तरी हाच ब्लाउज उसवून वाढवता येतो, पैठणीचा ब्लाउज कपाटात पडून राहत नाही.
- अस्तर आधी भिजवलेलं → धुतल्यावर आतून ओढ बसत नाही.
- मुंढा हात वर करायला लावून तपासलेला → हळदीकुंकवाला वाण देताना ब्लाउज वर चढत नाही.
- कडा इंटरलॉक → बगलेत दोरे टोचत नाहीत.

यातलं मायेचं वाक्य सर्वांत जड आहे. भारी साडीचा ब्लाउज दहा-पंधरा वर्षं घालायचा असतो. माया अर्ध्या इंचाची ठेवली तर तो दोन वर्षांत बाद होतो आणि साडीतलं तसंच कापड पुन्हा मिळत नाही. गिऱ्हाईक आठशे रुपये देतं त्यातला मोठा भाग याचा आहे, पण कुणी सांगितलंच नाही तर तिला ते कळणार कसं?

यादी झाल्यावर तीनदा किंवा जास्त वेळा आलेल्या पाच जणींना विचारा : "परत का आलात? आधी कुठे काय खटकायचं? मैत्रिणीला सांगताना माझ्याबद्दल काय सांगता?" उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, सुधारू नका. "तुझ्याकडे खांदा उतरत नाही" हे वाक्य "परफेक्ट फिटिंग"पेक्षा कितीतरी कामाचं आहे.

तपासा : तुमच्या यादीतलं वाक्य दुसऱ्या कुठल्याही शिवणकरणीच्या पाटीवर जसंच्या तसं चालेल का? चालत असेल तर खोडा.

## टप्पा ४ : दरपत्रक

एकच पान. वर पायाचा दर, खाली वाढीव कामं. वाढीव कामाचा दर मिनिटाला ३ रुपये या हिशेबाने, सामान वेगळं:

- अस्तराचा ब्लाउज, साधा गळा, एक ट्रायल : ८००
- गोट किंवा पायपिंग (२० मिनिटं) : ६०
- काठ जुळवून बाही (२५ मिनिटं) : ७५
- पोटली बटणं (कापडाने मढवलेली), आठ नग (४० मिनिटं) : १२०
- डोरी (१५ मिनिटं) : ४५, लटकन निराळं
- कप बसवणं (१५ मिनिटं) : ४५, कप निराळे
- निसरडं कापड, उदा. शिफॉन, जॉर्जेट (३० मिनिटं) : ९०
- दुसरीकडे बिघडलेला ब्लाउज दुरुस्त करणं : तासाला १७५, किमान १००

कटोरी आणि प्रिन्सेस कट (पुढचा भाग जास्त तुकडे जोडून शिवायचे प्रकार) यांना किती मिनिटं जास्त लागतात ते तुमच्या वहीतूनच घ्या. हात बसलेला असेल तर फरक थोडा, नसेल तर पाऊण तासही जातो.

बिघडलेल्या ब्लाउजच्या दुरुस्तीला लोक सर्वांत कमी पैसे सांगतात आणि सर्वांत जास्त वेळ घालवतात. उसवणं हे शिवण्यापेक्षा किचकट काम आहे. कापड आधी बघा, माया आहे का तपासा, आणि नसेल तर "हे होणार नाही" असं स्पष्ट सांगा.

तातडीच्या कामाचा दर दीडपट ठेवा, पण त्यासाठी आठवड्यातली एक जागा खरोखर मोकळी ठेवत असाल तरच. दुसऱ्या गिऱ्हाइकाची तारीख पुढे ढकलून तातडीचं घेतलंत, तर त्या दीडपटीचा निम्मा भार तिने उचलला.

दुरुस्तीचा नियम दरपत्रकावरच लिहा : नेल्यापासून १५ दिवसांत आमच्या शिवणीची दुरुस्ती फुकट, त्यानंतर किंवा माप बदललं असल्यास वेळेप्रमाणे.

> सावधान : "शिलाई ४०० पासून पुढे" असं लिहू नका. गिऱ्हाईक ४०० लक्षात ठेवतं आणि प्रत्यक्ष आकडा ऐकून फसवल्यासारखं वाटतं. जो ब्लाउज तुमच्याकडे सर्वांत जास्त शिवला जातो, त्याचा पूर्ण दर सर्वांत वर लिहा.

## टप्पा ५ : फोटो

सकाळी दहाच्या सुमारास खिडकीजवळ, थेट ऊन नको, ट्यूबलाइट बंद. मागे फिकट रंगाची कोरी भिंत किंवा चादर. फिल्टर लावायचा नाही. रंग बदलला की "फोटोत वेगळा होता" हा वाद ठरलेला.

प्रत्येक ब्लाउजचे पाच फोटो : समोरून, मागचा गळा, बाहीवरचा काठ, हूक-पट्टी, आणि उलटा करून आतून. शेवटचा फोटो फार थोडे जण टाकतात. ज्यांनी कच्च्या कडांचे ब्लाउज वापरले आहेत त्यांना तो एक फोटो बघून सगळं कळतं.

नेटवरून उचललेले फोटो टाकू नका. तसाच ब्लाउज मागायला गिऱ्हाईक येतं, ते काम तुमच्या हातचं नसतं, आणि पहिलीच भेट नकाराने सुरू होते. गिऱ्हाइकाने घातलेल्या ब्लाउजचा फोटो हवा असेल तर मेसेजवर परवानगी घ्या आणि चेहरा कापा. कुणाचं माप नावासकट कुठेही दिसता कामा नये, वहीचा फोटो टाकतानासुद्धा.

## टप्पा ६ : दर तोंडाने सांगणं

तयारी इथपर्यंतची. आता घसरतं ते इथेच. गिऱ्हाईक दारात उभं राहून "शिलाई किती?" विचारतं आणि आपण घाईने आकडा बोलून लगेच "पण बघू आपण" जोडतो.

क्रम असा ठेवा.

१. आधी विचारा. कार्यक्रम कधी? साडी कुठली? बसणारा जुना ब्लाउज आणलाय का? त्यात काय आवडत नाही? शेवटचा प्रश्न विसरू नका. "बाही दंडात रुतते" हे तिथेच कळतं आणि नंतरची वीस मिनिटं वाचतात.

२. कापड मोजा, तिच्यासमोर. साडीतला ब्लाउजपीस साधारण ८० सेंटीमीटर असतो. लांब बाही किंवा मोठं माप असेल तर पुरत नाही. हे कटिंगच्या वेळी कळलं तर दोष तुमच्यावर येतो.

३. ठरलेलं पुन्हा सांगा, मग आकडा. "काकू, अस्तराचा ब्लाउज, बाहीला काठ जुळवून आणि गळ्याला पायपिंग. ९३५ रुपये होतील. यात अस्तर माझं, भिजवून घेतलेलं, आणि बगलेत दीड इंच माया असेल." (८०० + ७५ + ६०.)

४. गप्प राहा. आकडा सांगितल्यावर पुढचं वाक्य तिचं. शांतता चार-पाच सेकंदांची असते, पण आपल्याला ती सहन होत नाही आणि आपणच शंभर रुपये कमी करून मोकळ्या होतो. हातात टेप धरा, वहीत लिहायला लागा, पण बोलू नका.

हे घरच्या कुणासमोर दहा वेळा मोठ्याने म्हणून बघा. आकडा म्हणताना आवाज खाली जातो का ते त्यांना ऐकायला सांगा.

### नेहमीचे तीन आक्षेप

*"पलीकडे ४५० मध्ये शिवतात."*
"असेल ताई. माझ्याकडे अस्तर, ट्रायल आणि आतली माया धरून दर आहे. रोजच्या वापराचा, बिनअस्तराचा हवा असेल तर तो कमीत होईल, त्याचा दर सांगते." पलीकडच्या बाईच्या कामाला नाव ठेवायचं नाही. काम कमी करा, दर नाही : पायपिंग काढा, पोटली बटणांऐवजी हूक लावा. तेच काम कमी पैशांत दिलंत तर आधीचा आकडा खोटा होता असंच समोरची समजेल.

*"चार ब्लाउज आहेत, काहीतरी कमी करा."*
चार एकदम आल्यावर खरंच किती मिनिटं वाचतात ते बघा. माप एकदाच, बोलणं एकदाच, अस्तर भिजवणं एकदाच. वाचलेल्या मिनिटांतली थोडी सूट देता येते, तीही चारही एकाच मापाचे आणि एकाच तारखेचे असतील तर. "ब्लाउजमागे ४० कमी करते, चारही एकदम द्यायचे आणि एकदम न्यायचे" हे चालतं. चार सांगून एकच टाकणाऱ्यांना पूर्ण दर.

*"आपल्यातच काय पैसे घेतेस?"*
नणंद, जाऊ, शेजारच्या वहिनी यांच्याबाबत नियम आधीच ठरवलेला हवा. एकतर पूर्ण दर, नाहीतर पूर्ण भेट. अर्धे पैसे घेतले की त्यांनाही उपकार वाटत नाही आणि तुमचाही दिवस जातो. वर्षाला तीन ब्लाउज भेट असं ठरवा, कुणाला ते वहीत लिहा, आणि देताना सांगा : "वहिनी, हा माझ्याकडून ओटीचा." त्यानंतरचा ब्लाउज दरपत्रकाप्रमाणे.

तपासा : दर विचारणाऱ्या दहा जणींपैकी किती जणी काम देऊन गेल्या याची खूण करत जा. दहाच्या दहा "हो" म्हणत असतील तर दर कमी आहे. सहा-सात असतील तर ठीक. तीनपेक्षा कमी असतील तर लगेच दर पाडू नका. आधी बघा की तिसऱ्या टप्प्यातली वाक्यं तुम्ही बोलता की नुसता आकडा सांगता.

## टप्पा ७ : आगाऊ रक्कम आणि ऑर्डरचं पान

निम्मी रक्कम कापड घेतानाच. कापड कापल्यावर आगाऊ मागणं अवघड जातं आणि तयार ब्लाउज महिनोन्‌महिने न नेणारी गिऱ्हाइकं याच चुकीतून तयार होतात.

ऑर्डरच्या पानावर हवं : नाव, तारीख, कापडाचा फोटो, कापडाची लांबी, आधीपासूनचे डाग किंवा कसर, गळ्याचं चित्र (शब्द नाही, चित्र), सगळी मापं, ट्रायलची तारीख, द्यायची तारीख, एकूण रक्कम, आगाऊ. त्याचा फोटो लगेच तिला पाठवा. नंतर "मी बोट नेक सांगितला होता" हा प्रश्न उरत नाही.

भारी रेशमी कापडाचा कोपरा ओल्या पांढऱ्या फडक्याने दाबून रंग उतरतो का ते तिच्यासमोर बघा. उतरत असेल तर पानावर लिहा आणि तिची संमती घ्या.

तारीख देताना महिन्याची क्षमता डोळ्यांसमोर ठेवा : १२० तास भागिले पावणेचार, म्हणजे ३२ ब्लाउज, आठवड्याला आठ. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आठ चौकोन आखा आणि भरत जा. नववा पुढच्या आठवड्यात. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधीची तारीख द्या, आदल्या दिवसाची नको.

## टप्पा ८ : आता जाहिरात

पहिला मेसेज जुन्या गिऱ्हाइकांना, अनोळखी लोकांना नाही. व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग फुकट करता येतो. त्यात पाच-सहा ब्लाउज, प्रत्येकाखाली पूर्ण दर. गुगलवर व्यवसायाची नोंदही फुकट आहे, आणि घरचा पत्ता न दाखवता फक्त परिसर दाखवण्याची सोय तिथे असते. एकट्याने घरून काम करणाऱ्यांनी ती जरूर वापरावी.

मेसेज असा नको : "सर्व प्रकारचे ब्लाउज शिवून मिळतील. योग्य दर. एकदा अवश्य भेट द्या."

असा हवा : "गौरींसाठी ब्लाउजची नोंदणी सुरू. अस्तराचा ब्लाउज ८००, अस्तर आमचं, बगलेत दीड इंच माया, एक ट्रायल. आठवड्याला आठच घेते. गौरींच्या दहा दिवस आधी नोंदणी बंद." सोबत आतून काढलेला फोटो.

वेळ महत्त्वाची. गौरी-गणपतीचा मेसेज सहा आठवडे आधी जायला हवा. नवरात्र आणि दिवाळीचा गणपती उठल्याबरोबर. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, तेव्हाचं बुकिंग दिवाळीतच भरतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा डिसेंबरच्या मध्याला. आषाढात काम कमी असतं. तेव्हा दर पाडून ब्लाउज ओढण्यापेक्षा जुने ब्लाउज उसवून वाढवण्याचं काम मागा : "कपाटातले न बसणारे ब्लाउज आणा, माया असेल तर वाढवून देते." तासाचा दर तोच मिळतो आणि सणाची गिऱ्हाइकं तिथूनच तयार होतात.

साडीचं दुकान, फॉल-पिको करणारी आणि मेंदी काढणारी या तिघींकडे प्रत्येकी एकेक नमुना ब्लाउज ठेवा, कार्डांचा गठ्ठा नको. नमुना लोक उलटा करून बघतात.

## टप्पा ९ : दर वाढवणं

लागोपाठ तीन आठवडे आठही चौकोन भरले आणि लोकांना परत पाठवावं लागलं, तर वेळ झाली. तसं नसलं तरी वर्षातून एकदा, गुढीपाडव्याच्या सुमाराला, दुसऱ्या टप्प्यातला हिशेब नव्या भावांनी पुन्हा करा. अस्तर, वीज, दोरा यांतलं काही ना काही वाढलेलं असतंच.

महिनाभर आधी कळवा. कापड आधीच दिलेल्यांना जुना दर. कारणांची यादी आणि माफी दोन्ही नको, एवढा मजकूर पुरतो:

"नमस्कार ताई. पाडव्यापासून अस्तराच्या ब्लाउजची शिलाई ८८० होईल. त्याआधी कापड दिल्यास ८०० च. तुमचा साचा माझ्याकडे आहे, माप द्यायला यायची गरज नाही."